डाळिंबी खिडकी डावीकडे

पहिल्या दिवशी मी त्यांचा स्क्रीन पाहिला तेव्हा मला वाटलं, मशीन बिघडलंय. डावी बाजू डाळिंबी, उजवी बाजू हळदीसारखी पिवळी, खाली निळीच्या रंगाची एक पट्टी, आणि त्यावर दुकानाच्या पाटीवर असतात तेवढाली अक्षरं. आम्ही चार नवे लोक त्यांच्या खुर्चीमागे उभे होतो. कुणीतरी हसलं. त्यांनी मान न वळवता विचारलं, "कौन हँसा? आवाज़ नई है."

हसलो होतो मी.

आमची कंपनी लहान, लखनऊच्या गोमतीनगरमधल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. शहरातल्या काही खाजगी हॉस्पिटलांची मशीनं आम्ही ऑफिसात बसून सांभाळायचो. मी सांगलीहून आलेला, चोवीस वर्षांचा. ते पन्नाशी ओलांडलेले आणि त्या कामात सगळ्यांत जुने. त्यांचे वडील साताऱ्याकडचे, फौजेत हवालदार होते; शेवटची नेमणूक लखनऊ छावणीत झाली आणि निवृत्तीनंतर ते तिथेच जवळपास घर करून राहिले. त्यामुळे ह्यांची मराठी घरात शिकलेली आणि बाहेर कधी न वापरलेली. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी मला पहिलं वाक्य ऐकवलं ते असं: "मला सर नको म्हणू यार. सर इथे सगळेच आहेत. काका म्हण."

काका बोलताना समोरच्याकडे बघायचे नाहीत. त्यांची नजर आपल्या कानाच्या बाजूला कुठेतरी जायची. ऑफिसात ह्याचा अर्थ सरळ लावला गेला होता, की माणूस गर्विष्ठ आहे. मॅनेजर मॅडम सकाळी समोरून आल्या तरी काका नमस्कार करायचे नाहीत. मॅडम स्वतः "गुड मॉर्निंग" म्हणाल्या की मग मात्र मान झुकवून, छान लखनवी अदबीने, "आदाब मैडम, तशरीफ़ लाइए." मॅडमना ते आवडायचं आणि थोडं खुपायचंही.

आपण एखादा प्रोग्रॅम उघडतो म्हणजे चित्रावर टिचकी मारतो. काकांनी टिचकी मारलेली मी पाहिली नाही. ते प्रोग्रॅमचं नाव टाइप करायचे आणि त्याच्यापुढे एकेक आडवी रेघ देऊन हुकूम लिहीत जायचे. पाठीचा रंग डाळिंबी. अक्षराचा रंग पांढरा. अक्षर एवढं मोठं. खिडकी इतकी रुंद, इतकी उंच, आणि जागा डावा कोपरा. मग एंटर. खिडकी सांगितलेल्या रंगात, सांगितलेल्या जागी उमटायची.

"उघडल्यावर मग तिला ओढत बसायचं, हे काय काम आहे?" ते म्हणायचे. "यायच्या आधीच सांगायचं, बाई, तू इथे बस, हे लुगडं नेस. मग ती रोज तशीच येते."

अशा आठ खिडक्यांचे आठ हुकूम त्यांनी एका फाइलमध्ये लिहून ठेवले होते. तिचं नाव 'सकाळ'. ऑफिसात आले की ते एक शब्द टाइप करायचे आणि आठही खिडक्या आपापल्या जागी येऊन बसायच्या. ही फाइल त्यांनी सगळ्यांना उघडी ठेवली होती. "वाचा, बदला, शिका," असं ते म्हणायचे. आमच्यापैकी कुणीही शिकलं नाही. आम्हाला ते जुन्या काळातलं खूळ वाटायचं.

डाळिंबी खिडकी म्हणजे एका मोठ्या हॉस्पिटलचं चालू मशीन. कुठल्या रुग्णाला कुठलं औषध कधी द्यायचं आणि कधी दिलं, ते सगळं त्यात. त्या मशीनचं नाव काकांनी गोमती ठेवलं होतं. पिवळी खिडकी म्हणजे सरावाचं मशीन, त्याचं नाव सई. लखनऊच्या भागातून वाहणाऱ्या ह्या दोन नद्या. नवीन काही करून बघायचं ते सईवर, आणि सई रोज सकाळी अकराला पुसून कोरी करायची. पुसायची कमांड दोन्हीकडे सारखीच चालायची. म्हणून काकांनी सगळ्या ऑफिसला एक नियम घालून दिला होता. खिडकीत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला मशीनचं नाव दिसतं. पुसण्याआधी ते नाव मोठ्याने वाचायचं.

"मनात नाही. मोठ्याने. मला ऐकू आलं पाहिजे."

आणि ते स्वतःही वाचायचे. रोज अकराला त्यांचा आवाज यायचा, "सई," आणि मागोमाग एंटरचा खट् आवाज.

त्यांच्या आणखी काही गोष्टी सांगतो. कुणाची तक्रार आली की ते ती कधी स्वतः वाचायचे नाहीत. "वाच," म्हणून मला सांगायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मी कंटाळून मधली ओळ गाळली तर म्हणायचे, "एक वाक्य खाल्लंस." लांबलचक नंबर त्यांच्या डोक्यात असायचे. मलिहाबादहून कुणीतरी दसहरीची पेटी आणली होती, तेव्हा ते एकेक आंबा देठाशी हुंगून "हा आज, हा परवा" अशा दोन राशी करत होते, आणि सगळे त्यांच्याभोवती जमून हसत होते.

एकदा सांगलीला आईसाठी चिकनच्या लखनवी भरतकामाची साडी पाठवायची म्हणून ते मला चौक नावाच्या जुन्या बाजारात घेऊन गेले. रिक्षा सोडून आम्ही गल्लीत शिरलो. दुकानदाराने साड्या पसरल्या. काकांनी एकीवरही नजर टाकली नाही. अंगठा कापडावरून फिरवत गेले आणि एका साडीवर थांबले. "ही मुर्री, हा गाठीचा टाका, हाताचा आहे. दाणा बघ, तांदळासारखा. बाकीच्या ठेव." दुकानदार खूश होऊन मला म्हणाला, "साहब तो आँख बंद करके पहचान लेते हैं." काका हसले. मीही हसलो. मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला होता.

असं असूनही मी त्यांच्यावर चिडलो, त्याचं कारण फार लहान आहे. एका सकाळी सई पुसायचं काम काकांनी मला दिलं आणि मी नाव मोठ्याने वाचलं नाही. काकांना एंटरचा आवाज ऐकू आला, नाव नाही. त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि पंधरा वेळा "सई" म्हणायला लावलं. शाळेत लावतात तसं. पलीकडच्या खोलीतून लोक बघायला आले. मी म्हटलं पंधरा वेळा. 

माझ्या शेजारच्या टेबलावर लखनऊचाच एक मुलगा बसायचा. तो जेवताना म्हणाला, "तू इतना सीरियसली मत ले. वो ख़ुद कहाँ पढ़ते हैं? रंग देखते हैं बस." मी म्हणालो, शक्य नाही. काका काहीही असोत, ते वाचतात. तो म्हणाला, "लगा शर्त."

पैज लावली नाही. पण डोक्यात ते राहिलं. काकांनी नाव वाचलं तर ते थांबतील, चपापतील, आणि मी मागून म्हणेन, वाचलंत ना काका, बरं झालं. एवढाच माझा बेत होता. सोमवारी मी लवकर गेलो, 'सकाळ' फाइल उघडली आणि दोन ओळींमधली मशीनची नावं अदलाबदल केली. रंग तेच ठेवले, जागा त्याच, अक्षरं तीच. आता पिवळ्या खिडकीत गोमती उघडणार होती.

मला स्वतःचं समर्थन करायचं नाही. मी फक्त हे सांगतो की ते वाचतील ह्याची मला पूर्ण खात्री होती. तो नियम त्यांचाच होता.

अकराला पाच मिनिटं कमी असताना मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. पिवळ्या खिडकीत ओळीच्या सुरुवातीला, चार बोटं उंचीच्या काळ्या अक्षरांत, गोमती असं लिहिलेलं होतं. दारातून दिसलं असतं. काकांनी कमांड टाइप केली. मान किंचित तिरकी केली, खिडकीकडे तोंड धरलं आणि स्पष्ट, मोठ्या आवाजात वाचलं,

"सई."

मला काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. माझं तोंड उघडलं होतं. समोर एक शब्द लिहिलेला आहे आणि माणूस दुसराच शब्द वाचतोय, ठामपणे, रोजच्या सुरात, हे मला कळेचना. मी तो शब्द पुन्हा बघितला. माझंच चुकतंय का म्हणून. तेवढ्यात खट् असा आवाज झाला.

"काका, गोमती," मी म्हणालो.

"काय गोमती?"

"तिथे गोमती लिहिलंय."

त्यांचे हात कळफलकावरून उचलले गेले आणि हवेतच राहिले. ते खिडकीकडे बघत नव्हते. माझ्याकडेही नाही. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "पक्कं?"

गोमती पुसली गेली होती. आदल्या रात्रीची प्रत होती, ती परत चढवायला चार तास लागले. पण आदल्या रात्रीपासून अकरापर्यंत जे भरलं गेलं होतं ते गेलं ते गेलंच. हॉस्पिटलात नर्सेसनी कागदावर काम सुरू केलं. तिसऱ्या मजल्यावर एका म्हाताऱ्या बाईंना सकाळचं इन्सुलिन दिलेलं होतं आणि ते फक्त मशीनमध्ये नोंदलेलं होतं. पाळी बदलली, नोंद दिसली नाही, आणि इंजेक्शन दुसऱ्यांदा दिलं गेलं. बाईंची साखर उतरली, त्या बेशुद्ध झाल्या. दोन तासांनी शुद्धीवर आल्या.

ते दोन तास मी जिन्यात बसून होतो. मला वाटत होतं की कुणीतरी येऊन मला पकडून नेईल. कुणी आलं नाही. आत मॅडमच्या केबिनमध्ये काका उभे होते, आणि दार उघडं असल्यामुळे मला ऐकू येत होतं.

"मैंने नाम नहीं पढ़ा," काका म्हणाले. "ग़लती मेरी है. किसी और की नहीं."

"आपने? आप तो सबसे पढ़वाते हैं."

"जी. और ख़ुद नहीं पढ़ा."

संध्याकाळी खाली चहाच्या टपरीवर त्यांनी मला गाठलं. गाठलं म्हणजे, ते टपरीपाशी येऊन उभे राहिले आणि मी "काका" म्हटल्यावर माझ्या बाजूला वळले.

"फाइल तू बदललीस," ते म्हणाले. "सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. कोणी बदलली, कधी बदलली, ते फाइल लिहून ठेवते. मी दुसऱ्याकडून वाचून घेतलं."

 मग मी जे विचारलं ते विचारायला नको होतं, पण माझ्या डोक्यात सकाळपासून दुसरं काहीच नव्हतं. "काका, तुम्ही सई का वाचलंत?"

त्यांनी चहाचा मातीचा कुल्हड दोन्ही हातांत धरला.

"डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. दोन्हीकडचा. सहा वर्षं झाली. कडेकडेचं दिसतं, रंग दिसतो, माणूस उभा आहे ते दिसतं. जिथे बघेन तिथे मात्र धुकं. आधी अक्षरं मोठी केली. मग आणखी मोठी. आता एक अक्षर दिसतं तर शेजारचं जातं. मग अक्षरं सोडून दिली, रंग धरले." ते थांबले. "तू दोन वर्षं माझ्या शेजारी बसतोस. तू दिसतोस कसा, मला माहीत नाही."

मी त्यांच्यासमोर हातभर अंतरावर उभा होतो. मला उगाच चेहऱ्यावरून हात फिरवावासा वाटला.

"मी सांगतो मॅडमना," मी म्हणालो. "आत्ता जाऊन सांगतो."

"काय सांगशील? की तू नावं बदललीस? मग त्या विचारतील, नाव तर समोर लिहिलं होतं, ह्यांनी वाचलं का नाही. मग काय सांगशील?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "अर्धवट दिसणाऱ्या माणसाच्या हातात हॉस्पिटलचं मशीन कोण देईल? मी तरी देईन का? नाही देणार. सहा वर्षं मी हे स्वतःला विचारतोय आणि रोज सकाळी येऊन बसतोय. म्हणून तू गप्प बस. हे मी निस्तरतो."

माझी चूक त्यांनी अंगावर घेतली होती, आणि त्यांची चूक मला लपवायला सांगत होते. मला कुणावर चिडावं तेच कळत नव्हतं.

बुधवारी मी हॉस्पिटलात गेलो. तिसऱ्या मजल्यावर त्या बाई पलंगावर बसून मुलाकडून संत्रं सोलून घेत होत्या. मुलगा दारापर्यंत आला. "अम्मा ठीक हैं अब," तो म्हणाला. "आप कौन?" मी म्हणालो, ग़लत कमरे में आ गया. तो अदबीने हसला आणि मला जिन्याची वाट दाखवली.

गुरुवारी कळलं की हॉस्पिटलला जबाबदार माणसाचं नाव हवंय आणि कंपनी काकांना काढणार आहे. शुक्रवारी सकाळी मी केबिनमध्ये गेलो आणि मॅडमना सांगितलं की फाइल मी बदलली, चेष्टा म्हणून. त्यांनी पेन खाली ठेवलं. 

"लेकिन नाम तो हर लाइन में लिखा रहता है," त्या म्हणाल्या. "उन्होंने पढ़ा क्यों नहीं?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. रात्रभर मी उत्तर घोटलं होतं.

"नाम भी मैंने बदल दिया था, मैडम. गोमती में सई लिखा आ रहा था. उन्होंने पढ़ा था. सही पढ़ा था."

मॅडम खुर्चीत मागे सरकल्या. आतापर्यंत मी त्यांच्या लेखी एक मूर्ख मुलगा होतो. आता त्यांना माझी भीती वाटली, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "तुम घर जाओ," त्या म्हणाल्या. "आज ही. अपना सामान ले जाना."

मी निघालो तेव्हा काका जागेवर नव्हते. पलीकडच्या खोलीत नव्या लोकांना काहीतरी समजावत होते. त्यांचा आवाज ऐकत मी जिना उतरलो.

इंदिरानगरात दुसऱ्या मजल्यावर माझी भाड्याची खोली होती. रविवारी दुपारी मी कपडे बॅगेत भरत होतो. खालून, घरमालकाच्या दारातून, आवाज आला: "मराठी लड़का रहता है यहाँ? पतली आवाज़ का?" मग शेजारच्या दारातून तोच प्रश्न. मी धावत खाली गेलो. काका भिंतीला हात लावून उभे होते. छावणीपासून एकटे आले होते.

वर येऊन ते पलंगावर बसले. मी पाणी दिलं. त्यांनी ग्लास हातात घेतला आणि प्यायले नाहीत.

"मॅडमनी मला काल बोलावलं," ते म्हणाले. "म्हणाल्या, आपकी कोई ग़लती नहीं थी, लड़के ने नाम भी बदल दिया था. माफी मागितली माझी. मी ऐकतच राहिलो. मला सुचेना. तुला एवढं खोटं बोलता येतं?"

"तुम्हाला काढणार होते, काका."

"हो. आणि आता सगळं ऑफिस म्हणतंय की तू मुद्दाम केलंस. पोलिसात द्यायचं का, अशी चर्चा चाललीय. तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसलो.

"देणार नाहीत," काका म्हणाले. "मी काल संध्याकाळी परत जाऊन सांगून आलोय. सगळं. पडदा, धुकं, रंग, सहा वर्षं. मॅडमना वाटलं मी तुला वाचवायला बनवून सांगतोय. मग त्यांनी एक कागद धरला माझ्यासमोर आणि म्हणाल्या, वाचा. मी म्हटलं, मॅडम, कागद पांढरा आहे एवढं सांगतो." त्यांनी आता पाणी प्यायलं. "रडल्या त्या. मला ते बघता आलं नाही, ऐकू आलं."

पुढचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. मशीनला हात लावायचा नाही. नव्या लोकांना शिकवायचं, तोंडी. काकांनी ते मान्य केलं होतं. मला परत घेणार नव्हते. राजीनामा म्हणून नोंदवतील आणि अनुभवाचं पत्र देतील. माझ्यासाठी त्यांनी मागितलं होतं ते इतकंच, आणि ते मिळालं होतं.

"त्या म्हाताऱ्या बाई घरी गेल्या काल," ते म्हणाले. "हॉस्पिटलात फोन केला होता मी."

मी म्हणालो, "काका, मी..." ते थांबले, मी बोलेन म्हणून.  मग उठले.

मी त्यांना ऑटोपर्यंत सोडायला खाली उतरलो. रस्त्याच्या पलीकडे ऑटो उभे होते आणि मधून ई-रिक्षा, स्कूटर, गाड्या न थांबता वाहत होत्या. काका कडेला थांबले. ह्या दोन वर्षांत त्यांना कुणी हात धरून चालवलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला, चाचपला आणि माझं कोपर पकडलं. पकड घट्ट होती, दुखेल इतकी.

माझे डोळे भरून आले. ते त्यांना दिसणार नव्हतं, पण माझा श्वास बदलला असावा.

"रस्ता ओलांडायचाय म्हणून धरलंय," ते म्हणाले. "माफ नाही केलेलं अजून. ते वेगळं."

"हो काका."

"चल मग. कधी निघायचं ते सांग."

मी दोन्हीकडे बघितलं. एक बस जाऊ दिली, तिच्यामागची स्कूटर जाऊ दिली. मग म्हणालो, "आता."